ग्रामसभेत चढणारा आवाज

पत्र थोडक्यात असं: सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातल्या एका गावातून ३८ वर्षांचे वाचक लिहितात. दीड एकर ऊस आणि दूध संकलन केंद्रावर नोकरी. त्यांची ३४ घरांची वस्ती गावाच्या वरच्या अंगाला. तिथं नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं, तेही वीसेक मिनिटं आणि बारीक धारेनं. सरपंच त्यांचे थोरले चुलतभाऊ (दादा). ग्रामसभेत बोलायला उठलं की दुसऱ्या वाक्याला आवाज चढतो, हात थरथरतात. गेल्या सभेत ग्रामसेवक म्हणाले, ‘‘पंधरा दिवसांत व्हॉल्व बदलून देतो.’’ तरी हे थांबले नाहीत, बांधाचं जुनं भांडण काढलं आणि शेवटी सभा सोडून बाहेर पडले. गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही सोडला. घरी वडिलांपुढे (आबांपुढे) मात्र आजही त्यांना शब्द फुटत नाही. वडील पूर्वी एकदा पंचायतीचे सदस्य होते. पत्नी म्हणाली, ‘‘आबांना बोलायचं ते तुम्ही दादांना बोलताय.’’ नववीतला मुलगा म्हणाला, ‘‘पप्पा, तुमचं कोण ऐकतंय?’’ त्यांचा प्रश्न: हे सगळं सोडून आपलं घर आणि रान बघावं का?

उत्तर

सोडू नका. निदान आत्ता, रागाच्या भरात तर नकोच. सभेतून उठून जाणं, ग्रुप सोडणं आणि आबांपुढे गप्प बसणं या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण तिन्हींत तुम्ही एकच करताय: ताण असह्य झाला की संबंध तोडून मोकळे होताय. त्या घडीला बरं वाटतं. पुढच्या वेळी तोच ताण व्याजासकट परत येतो.

तुमच्या पत्नीनं एका वाक्यात जे सांगितलं, ते मांडायला मरे बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची बरीच वर्षं गेली. १९५०च्या दशकात ते रुग्णाबरोबर त्याच्या अख्ख्या कुटुंबाला रुग्णालयात ठेवून निरीक्षण करत. त्यांचं म्हणणं असं की घरात मतभेद कसे हाताळायचे हे माणूस जसं शिकतो, तसंच तो बाहेर वागतो आणि चिंता वाढली की अख्खा समाजही एखाद्या ताणलेल्या कुटुंबासारखा वागू लागतो. ज्या घरात एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं अशी रीत असते, तिथला मुलगा बोलण्याचे दोनच प्रकार शिकतो. गप्प बसायचं किंवा फुटायचं. शांतपणे ‘मला हे पटत नाही’ म्हणून तिथंच बसून राहणं हा तिसरा प्रकार त्यानं कधी पाहिलेलाच नसतो.

इथं एक गोष्ट बजावून सांगायला हवी. ‘घरात काही चालत नाही म्हणून गावात येऊन ओरडतो’ हे वाक्य गावोगावी तक्रार दाबायला वापरलं जातं. मानसशास्त्र त्यासाठी नाही. तुमचा राग कुठून का येत असेना, नळाला पाणी येत नाही हे खरंच आहे. रागातला पाण्याचा वाटा किती आणि घरातला किती, एवढं वेगळं करायचं आहे. ओळखायच्या खुणा साध्या आहेत. बोलताना ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘आम्हाला कोण विचारतंय’ असे शब्द यायला लागले, समोरच्यानं तोंड उघडण्याआधीच छाती धडधडू लागली किंवा हवं ते उत्तर मिळाल्यावरही समाधान झालं नाही, तर तिथं पाण्याखेरीज दुसरं काहीतरी बोलतंय. तिसरी खूण तुमच्या पत्रातच आहे. ग्रामसेवकांनी पंधरा दिवसांचा शब्द दिला तेव्हा तुमचं काम झालं होतं. त्या क्षणी ‘ही तारीख इतिवृत्तात घ्या’ एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही बांधावर गेलात आणि सभाही तुमच्या मागोमाग बांधावर गेली. तो शब्द आज कुठल्याही कागदावर नसेल.

आधी शरीराचं बघू, कारण थरथरत्या हातांना तत्त्वज्ञान सांगून उपयोग नसतो. जोडप्यांच्या भांडणांचा अभ्यास करणाऱ्या जॉन गॉटमन यांना आढळलं की नाडीचे ठोके मिनिटाला १००च्या पुढे गेले की माणसाला समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही आणि शरीर निवळायला किमान २० मिनिटं लागतात. म्हणजे पारा चढल्यावर ‘शांत व्हा’ म्हणणं फुकट आहे. जे करायचं ते आधी. सभेच्या ठिकाणी वीस-पंचवीस मिनिटं लवकर जा. दादांच्या अगदी समोर बसू नका, बाजूला बसा. नजर भिडली की जुनं सगळं वर येतं. बोलायचं ते लिहून न्या, पाठ करू नका. पाठ केलेलं पहिल्या टोमण्याला विसरतं. कागद दोन्ही हातांत धरा, म्हणजे थरथर दिसतही नाही आणि जाणवतही कमी. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावा, आठ-दहा वेळा. आणि बोलून झाल्यावर खाली बसा. उभं राहिलेला माणूस उत्तर ऐकत नाही, तो पुढच्या वाक्याची जुळवाजुळव करत असतो.

आता पाण्याचं. तुमच्या पत्रात ‘करंगळीएवढं पाणी’ आहे, ‘तिसऱ्या दिवशी’ आहे, पण लिटरचा आकडा नाही. आकडा नसला की भांडण माणसांवर घसरतं. एक वही करा आणि महिनाभर लिहा: तारीख, पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं आणि १५ लिटरची बादली भरायला किती मिनिटं लागली. समजा बादलीला तीन मिनिटं लागतात. म्हणजे मिनिटाला ५ लिटर, वीस मिनिटांत १०० लिटर. हे पाणी पाच माणसांना तीन दिवस पुरवायचं, म्हणजे माणशी दिवसाला ७ लिटरसुद्धा नाही. जलजीवन मिशनचा निकष माणशी दिवसाला ५५ लिटरचा आहे. ही दोन वाक्यं ऐकवल्यावर ‘तुम्ही विरोधकच’ असं कुणाला म्हणता येत नाही.

वस्तीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या टोकाच्या एकेका घरी अशी वही ठेवा. वरच्या अंगाला धार बारीक असण्याची कारणं बहुतेक ठिकाणी तीच असतात: जलवाहिनीचं शेवटचं टोक, वरच्या वस्तीला पाणी सोडताना खालच्या गल्लीचा न मिटणारा व्हॉल्व आणि नळाला थेट जोडलेल्या मोटरी. तीन वह्या शेजारी ठेवल्या की यातलं कुठलं कारण आहे याचा अंदाज येतो. सगळीकडे सारखीच बारीक धार असेल तर दाब मुळातच कमी आहे. वर जाता जाता कमी होत असेल तर चढ आणि शेवटचं टोक हे कारण असेल किंवा मधे कुणीतरी ओढत असेल.

ग्रामसभेत हा विषय ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून काढू नका. गेल्या वेळी तेच झालं असावं. तोपर्यंत निम्मे लोक उठलेले असतात, उरलेल्यांना घरी जायचं असतं आणि अध्यक्षही वैतागलेले असतात. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते. त्याआधीच पंचायतीत लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि विषयपत्रिकेवर विषय घ्यायला लावा. ग्रामसभेआधी महिलांची सभा व्हायची असते, तिथं वस्तीतल्या बायकांनी हाच विषय मांडावा. पाणी भरायला कोण उभं असतं हे सांगायला नको. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी ती, आणि ती झाली नाही तर तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे तुमच्या वस्तीतून पंचवीस-तीस माणसं आली तरी सभेत ती डोळ्यांत भरतील.

बोलायचं दीड मिनिट. असं काहीतरी: ‘‘आमच्या वस्तीत ३४ घरं आहेत. गेल्या ३० दिवसांत १० वेळा पाणी आलं, सरासरी वीस मिनिटं. माणशी ७ लिटरही पडत नाही, निकष ५५ लिटरचा आहे. व्हॉल्व कोणत्या तारखेपर्यंत बदलणार ती तारीख घालून ठराव व्हावा, मी सूचक आहे.’’ अनुमोदक खालच्या गल्लीतला मिळाला तर सोन्याहून पिवळं. नाहीच मिळाला तर वस्तीतला चालेल, फक्त तुमच्या भावकीतला नको. उत्तर मिळालं की विचारा, ‘‘हे इतिवृत्तात आलं ना?’’ आठवड्यानं ठरावाची प्रत मागा.

माहितीचा अधिकारही वापरा, पण सूड म्हणून नाही. ‘गेल्या दहा वर्षांची सर्व बिलं’ असं मागितलं की समोरच्याला एवढंच कळतं की तुम्हाला पाणी नको, कुणाचा तरी बळी हवाय. दोनच कागद मागा: पाणी योजनेच्या जलवाहिनीचा नकाशा आणि गेल्या दोन वर्षांतला दुरुस्तीचा खर्च. फी १० रुपये, अर्ज १५० शब्दांत, एका अर्जात एकच विषय, उत्तर ३० दिवसांत. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. एवढं करूनही काही हललं नाही, तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथवर जाता येतं. पण ही पायरी शेवटची, पहिली नाही.

तुम्ही लिहिलंय की वस्तीतले लोक ओट्यावर ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणतात आणि सभेत हात वर करायची वेळ आली की खाली बघतात. त्यांना भित्रे म्हणण्याआधी थोडा विचार करा. हात वर करणं म्हणजे भावकीसमोर, सोसायटीच्या संचालकासमोर, लेकीच्या सासरच्यांसमोर जाहीर होणं. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकानं १९५० साली लोकशाही या शब्दावर एक लेख लिहिला. त्यात गुप्त मतदानावर त्याचा भर होता, कारण तिथं माणूस मनातलं खरं ते कुणाच्या नजरेखाली न येता मांडू शकतो. आपल्याकडे दारूच्या दुकानासाठी ‘उभी बाटली, आडवी बाटली’ हे मतदान त्याच कारणानं परिणामकारक ठरतं. २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवी बाटली निवडली की दुकान बंद. घरात नवऱ्यापुढे ‘नको’ न म्हणू शकलेली बाई पेटीत ‘नको’ टाकू शकते. तुमच्या ठरावाला गुप्त मतदान नाही, पण एक करता येतं. निवेदनावर सह्या एकाखाली एक न घेता वर्तुळात घ्या. पहिली सही कुणाची हे कळत नाही. लोक ज्या नावाला घाबरतात ते पहिलं नावच असतं.

आणि एकट्यानं पुढं होणं बंद करा. गावाला एक ओरडणारा माणूस मिळाला की बाकीच्यांची सुटका होते. टाळ्या मिळतात, चहा मिळतो आणि केस अंगावर यायची वेळ आली की ओटा रिकामा. त्यात काही माणसांना एक गोडीही लागते, वस्तीचा तारणहार असण्याची. तुम्हाला लागली आहे का, हे आम्ही सांगू शकत नाही. तुमच्या पत्नीला विचारा, त्या अचूक सांगतील असं दिसतंय.

तुमच्या तालुक्यात धाडसाला फार मान आहे आणि तो रास्त आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र तिथंच. पण ब्रिटिशांविरुद्धच्या त्यांच्या प्रतिसरकारची आठवण काढताना लोकांना पत्र्या ठोकणंच आठवतं. त्याच प्रतिसरकारची न्यायदान मंडळं गावोगावी बसून तंटे ऐकत होती, दोन्ही बाजूंचं म्हणणं घेऊन निकाल देत होती, हे मागं पडलं. ते बसून ऐकण्याचं कामही तितकंच जड होतं.

आता घर. आबांशी जुना हिशेब करायला बसू नका. ‘तुम्ही मला कधी बोलू दिलं नाही’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या माणसापुढे ते आरोपपत्र होतं आणि मग तुम्हीच गुन्हेगार ठरता. छोट्या, कमी नुकसानीच्या विषयावर मतभेद करायचा सराव करा. समजा आबा खोडव्यातलं पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, जाळायचं म्हणतात आणि तुम्हाला ते रानातच कुजवायचंय. तर चहाच्या वेळी म्हणा, ‘‘आबा, यंदा निम्म्या रानात पाचट ठेवून बघावं असं माझ्या मनात आहे.’’ एकदाच म्हणा. कृषी सहायकाची साक्ष काढू नका, आवाज वाढवू नका आणि मुख्य म्हणजे उठू नका. कप रिकामा होईपर्यंत तिथंच बसा. सगळा व्यायाम त्या बसण्यात आहे.

आबा काय करतील? अशा वेळी घर तीन टप्प्यांत बोलतं, हे बोवेन यांच्या मांडणीत स्पष्ट आहे. आधी ‘तू चुकतोयस’. मग ‘पहिल्यासारखा वाग’. मग ‘नाहीतर बघ’. आबा कदाचित दोन दिवस जेवायला वेगळे बसतील, आई म्हणेल ‘कशाला म्हाताऱ्याला त्रास’. याचा अर्थ डाव फसला असा नाही, डाव लागू पडलाय असा आहे. बहुतेक माणसं दुसऱ्या टप्प्याला माघार घेतात किंवा चिडून सूड उगवतात. तुम्ही दोन्ही करायचं नाही. रोजची कामं, औषधं, नमस्कार जसं चालू आहे तसंच ठेवायचं आणि मत मागं घ्यायचं नाही. महिन्याला असा एखादा विषय पुरे.

दुसरी युक्ती अधिक सोपी आहे. आबा सदस्य होते ना? त्यांना विचारा, टाकी तिथंच का बांधली, जलवाहिनी कुठून नेली, तेव्हा कुणाचा विरोध होता. सल्ला मागू नका, माहिती मागा. हुकूम देणारा माणूस साक्षीदार झाला की दोघांमधली हवा बदलते. शिवाय जलवाहिनीची खरी वाट अनेकदा कागदापेक्षा जुन्या सदस्यांच्याच डोक्यात असते.

निरोपांची वाहतूक मात्र आजपासून बंद. दोघांमधला ताण वाढला की तिसऱ्याला आत ओढायचं, हा भावकीचा आवडता खेळ. तुम्ही दादांबद्दल पत्नीला सांगता, त्या थोरल्या जावेला, जाऊ दादांना, दादा आबांना, आणि आबा तुमच्यावर चिडतात. मूळ वाक्य कुठं होतं आणि कुठं पोचलं! पाण्याचं दादांशी थेट बोला, पंचायतीच्या कार्यालयात, कामाच्या वेळेत. तिथं त्यांना ‘सरपंच’ म्हणा. घरच्या कार्यात भेटाल तेव्हा ‘दादा’, आणि तिथं पाण्याचा शब्द नको. बांधाचा वाद ग्रामसभेत काढायचाच नाही, त्यासाठी मोजणीचा अर्ज हा वेगळा रस्ता आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये परत जा, काही स्पष्टीकरण न देता. रात्री नऊनंतर तिथं काही लिहू नका. महिन्यातून एकदा वहीच्या पानाचा फोटो टाका, शेरा न लिहिता.

मुलाच्या प्रश्नानं तुम्ही दुखावलात, पण त्यानं अपमान केलेला नाही. त्यानं जे पाहिलं त्यावरून हिशेब केला: पप्पा ओरडतात, काही होत नाही, म्हणून बोलण्यात अर्थ नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली ‘आपल्याला हे जमेल’ या विश्वासाबद्दल जे मांडलं त्याचा गाभा असा की तो विश्वास सगळ्यात जास्त स्वतः करून पाहिल्यानं वाढतो. नुसतं सांगितल्यानं फार थोडा. तेव्हा भाषण नको. वही त्याच्याकडे द्या. बादली, मोबाईलमधलं घड्याळ आणि भागाकार त्यानं करावा. सभेला न्यायचं असेल तर न्या, पण त्याला मागं बसवा आणि घरी आल्यावर ‘मी कसा बोललो’ असं विचारू नका. ‘इतिवृत्तात काय काय आलं’ ते विचारा.

जमलं तर आठवड्यातून एकदा घरातली बैठक सुरू करा. वीस मिनिटं, जेवणानंतर, टीव्ही बंद. अध्यक्ष दर वेळी वेगळा, पहिल्यांदा मुलगा. विषय दोनच, आणि त्यांतला एक तरी खराच ठरवण्याजोगा हवा: सुट्टीत कुठं जायचं, गॅसजवळचा खर्चाचा डबा कोण सांभाळणार. सगळं आधीच ठरवून ‘तुमचं मत काय’ विचारलं तर मुलं दुसऱ्या आठवड्यात ओळखतात. हमखास चुकतं ते असं की बैठकीची कचेरी होते, मार्क आणि मोबाईल यांवरून मुलाचा पंचनामा सुरू होतो. तसं एकदा झालं की तो परत बसणार नाही. आबांना बोलवा, आले नाहीत तर आग्रह नको. दार उघडं ठेवून त्यांच्या कानावर पडेल अशा आवाजात बोला, एवढं पुरतं. तुमच्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ साली संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचं ठरवलं होतं. गावानं घरांसाठी वेळ काढून दिला. तुम्हाला वीस मिनिटांना भोंगाही लागणार नाही.

एक सूचना वेगळी. राग घरात हातापर्यंत येत असेल, सभेनंतर दारू लागत असेल किंवा दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात.

पुढच्या ग्रामसभेपर्यंत वहीचा एक महिना, पाचटाचा एक विषय आणि लेखी अर्ज एवढंच हाती घ्या. आणि हो, पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही म्हणून विचारतो: तुमच्या स्वतःच्या नळाला मोटर आहे का? असेल तर ती आधी काढा. तुम्ही बोलायला उभे राहिलात की दादा पहिलं तेच विचारतील.